दोन्ही घरी पाहुणे

न्यूयॉर्कचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. पण मॅनहॅटनच्या पूर्वेकडे, नदीच्या बाजूला चालत गेलात, तर 'लोअर ईस्ट साइड' ही वस्ती लागेल. पोर्टो रिको बेटावरून आलेल्यांच्या स्पॅनिश वळणाच्या जिभेवर या तीन शब्दांचे झाले 'लोइसायदा'! पुढे तिथल्या एका रस्त्यालाच हे नाव मिळाले.

आता या मंडळींना परदेशी म्हणावे, तर तेही खरे नव्हे. बेट १८९८ साली अमेरिकेच्या ताब्यात गेले आणि १९१७ साली रहिवाशांना नागरिकत्व मिळाले. कागदोपत्री घरचेच की! पण दुसऱ्या महायुद्धानंतर पोटासाठी न्यूयॉर्क गाठणाऱ्यांच्या वाट्याला आली ती हलकी कामे आणि मोडकळीस आलेली बिऱ्हाडे. बरे, मुले बेटावर गेली, तर तिथले लोक हिणवीत, 'हे न्यूयोरिकन!'

कवींनी ही शिवीच उचलली आणि नाव म्हणून मिरवली. १९७३ च्या सुमारास मिगेल आल्गारिन या प्राध्यापकाच्या राहत्या घरी ते जमू लागले. तोच पुढे प्रसिद्धीस आलेला 'न्यूयोरिकन पोएट्स कॅफे'.

या कवितेची ओळख करून घ्यायची, तर पेद्रो पिएत्रीपासून घ्यावी. १९६९ साली त्याने जाहीरपणे वाचलेली 'पोर्टो रिकन ऑबिच्युअरी' ही दीर्घ कविता म्हणजे एक मृत्युलेखच. हुआन, मिगेल, मिलाग्रोस, ओल्गा, मान्युएल अशी पाच साधी माणसे. वेळेवर कामाला जातात, उलटून बोलत नाहीत, कर्ज काढून वस्तू घेतात, आणि मरतात. तुम्ही म्हणाल, गरिबांची कणव, यात नवे ते काय? नवे हे, की कवी त्यांच्यावरही रागावतो. शेजाऱ्याकडे आपल्यापेक्षा थोडे अधिक आहे म्हणून ही माणसे एकमेकांचा द्वेष करतात, हे तो झाकीत नाही. मला तर त्याची माया या रागातच दिसते. भाषा इंग्रजी, पण मधूनच स्पॅनिश शब्द येतात, घरात बोलताना यावेत तसे. म्हणून ती डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकावी.

त्याचा सोबती मिगेल पिन्येरो तुरुंगात जाऊन आलेला, जन्म बेटावरचा. आपली राख याच वस्तीत विखरावी, असे त्याने कवितेत लिहून ठेवले होते. १९८८ साली तो वारला, तेव्हा मित्रांनी ती लोइसायदाच्या रस्त्यांवरच विखुरली.