वाहनाच्या कपाळीचे चिन्ह

साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त म्हणून विजयादशमीचे माहात्म्य आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहे. खंडेनवमीस शस्त्रांची व अवजारांची पूजा करावी, दशमीस शमीपूजन करून आपट्याची पाने सोने म्हणून वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावीत, हा आपला कुळाचार. पूर्वी ज्या दिवशी घोड्याला शृंगारून त्याच्या कपाळी गंध लावीत, त्याच दिवशी आज मोटारीच्या बोनेटवर स्वस्तिक रेखाटले जाते. ठाण्यात कोपिनेश्वराच्या दर्शनास, कल्याणात दुर्गाडीच्या देवीस, डोंबिवलीत फडके मार्गावरील गणेश मंदिरात आणि टिटवाळ्यास महागणपतीच्या चरणी झेंडूच्या माळा ल्यालेली नवी-जुनी वाहने या दिवसांत भक्तिभावाने नेली जातात.

याच सुमारास आणखी एक हौस उफाळून येते. वाहनाला एखादे नवे मानचिन्ह बसवावे, जुने निघाले असल्यास बदलावे, घराण्याचे नाव, ओंकार किंवा कुलदैवताचे चिन्ह लावावे, असे घरातील लहानथोरांस वाटू लागते. बाजारात यास सरसकट ‘मोनोग्राम’ म्हणतात. दुकानात सोनेरी, रुपेरी, काळे, तांबूस अशा मोनोग्रामांची रांग मांडलेली असते आणि ट्यूबलाइटच्या प्रकाशात त्यातील प्रत्येक देखणा दिसतो. तथापि आपल्या गाडीच्या रंगावर कोणता शोभेल, कोणता टिकेल आणि कोणता कोठे लावणे उचित, याचा विचार खरेदीपूर्वी क्वचितच होतो. तो विचार वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका ओंकाराची कथा

आरंभी आमच्याच घरातील एक चूक सांगतो. १९८०च्या दशकात डोंबिवलीत वडिलांनी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. या गाडीचे आपल्या भागास मोठे अप्रूप होते. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. पुढे याच कंपनीचा कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शिळ मार्गावर उभा राहिला आणि १९९०च्या दशकात तेथे प्यूजो मोटारी बनल्या. आज त्या कारखान्याची आठवण प्रीमियर मैदान या नावात उरली आहे. पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

आमची पद्मिनी फिकट बदामी रंगाची होती. पहिल्याच दसऱ्यास वडिलांनी कल्याणच्या बाजारातून पितळेचा सुबक ओंकार आणला आणि बोनेटच्या पुढील भागी पत्र्यास दोन भोके पाडून स्क्रूने घट्ट बसविला. वर्षभर त्याचे कौतुक झाले. आई दर शुक्रवारी देवघरातील उपकरणांबरोबर तोही चिंचेने घासून लख्ख करी. दुसरा पावसाळा सरला तेव्हा ओंकाराखालून तांबूस ओघळ उतरू लागले, आणि तिसऱ्या दसऱ्यास भोकांभोवतीचा पत्रा बोटाने दाबताच चुरा होऊन पडला. शिवाय चिंचेच्या आंबटाने आणि घासण्याने भोवतीच्या रंगाची झिलई गेली होती, ती वेगळीच.

मिस्त्रीने पत्रा पाहून सांगितले, “काका, पितळ आणि लोखंड पावसात एकत्र नांदत नाहीत.” त्याच्या साध्या वाक्यात रसायनशास्त्राचा एक नियम होता. दोन भिन्न धातू एकमेकांस टेकलेले असता मध्ये पाणी शिरले की सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि त्या दोघांतील दुबळा धातू झपाट्याने झिजतो. पितळ व लोखंड यांच्या जोडीत लोखंड दुबळे ठरते. खाडीवरून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे ठाणे-कल्याण परिसरात हे कार्य अधिकच वेगाने घडते.

वडील विषण्ण झाले. देवाचे चिन्ह काढावे, तर मनास टोचणी. ठेवावे, तर गाडी हातची जाते. तेव्हा आईच म्हणाली, “अहो, देवाला घरात घ्या. गाडीच्या कपाळाला गंध पुरे.” ओंकार स्वच्छ होऊन देव्हाऱ्यात गेला, तो आजतागायत तेथेच आहे. भोके बुजवून बोनेट पुन्हा रंगविण्यास मात्र त्या महिन्याच्या वाणसामानाइतके पैसे मोजावे लागले.

रंगात भेद, झिलईत नाते

आता निवडीकडे वळू. ज्या गृहिणीने साडीचा काठ पारखला आहे, तिला मोनोग्राम पारखणे कठीण नाही. काठ अंगाच्या रंगापासून वेगळा उठून दिसावा लागतो. परंतु त्याचा पोत अंगाशी जुळता असावा लागतो. सुती साडीस जडजरीचा काठ लावला तर दोहोंची शोभा जाते. वाहनासही हाच न्याय लागू आहे. चिन्हाचा रंग पत्र्याच्या रंगाहून स्पष्ट वेगळा असावा आणि त्याची झिलई पत्र्याच्या झिलईशी नाते सांगणारी असावी.

पांढऱ्या गाडीवर काळे, गडद निळे किंवा धुरकट पोलादी चिन्ह स्वच्छ वाचता येते. रुपेरी क्रोम मात्र भर उन्हात पांढऱ्यावर हरवते. चंदेरी व फिक्या राखाडी गाडीवर क्रोमचे चिन्ह असून नसल्यासारखे होते. तेथे चकचकीत काळा रंग उत्तम. काळ्या व गडद निळ्या गाडीवर क्रोम जितके खुलते तितके अन्यत्र खुलत नाही. मरून, तपकिरी व बदामी या उबदार रंगांवर सोनेरी किंवा तांबूस छटा शोभते. भडक लाल गाडीवर सोनेरी चिन्ह बहुधा बटबटीत होते. तेथे रुपेरी किंवा शुभ्र चिन्हच संयमित दिसते. ज्या गाडीचा रंग मुळातच बिनचकाकीचा, म्हणजे मॅट आहे, तिच्यावर आरशासारखे क्रोम परके वाटते. मंद झिलईचे चिन्ह तेथे योग्य.

आणखी एक पथ्य आहे. गाडीची मूळ ग्रिल, दारांच्या मुठी व काचांभोवतीची पट्टी काळी असेल तर नवे चिन्हही काळे घ्यावे. त्या क्रोमच्या असतील तर क्रोमचे. एकाच गाडीवर सोनेरी, रुपेरी व काळे असे तिन्ही एकत्र आले की डोळ्यास विसावा मिळत नाही. साडी घेताना आपण ती दुकानाबाहेर आणून दिवसाच्या उजेडात पाहतो. मोनोग्रामही तसाच गाडीपाशी नेऊन, पत्र्यावर धरून, वीस पावलांवरून एकदा उन्हात व एकदा सांजवेळी पाहावा. दोन्ही वेळा वाचता आला तर तो घ्यावा.

चकाकीच्या आतील सत्य

आजचे बहुतेक क्रोमचे मोनोग्राम धातूचे नसून प्लॅस्टिकवर मुलामा दिलेले असतात. वर दिसणारा क्रोमचा थर अतिशय पातळ असतो. चकाकीचा खरा आधार त्याखालील निकेलचा थर होय. असा मुलामा राख, चिंच किंवा भांडी घासण्याच्या भुकटीने घासला की तो उघडा पडतो. पितळेची भांडी उजळविणारी ‘पितांबरी’ ही ठाण्याचीच निर्मिती. पण ती देवघरातील उपकरणांसाठी आहे, वाहनाच्या रंगासाठी नव्हे. मऊ ओले फडके आणि सौम्य साबणाचे पाणी एवढीच चिन्हाची सेवा पुरेशी.

स्वस्त काळे प्लॅस्टिक उन्हाने दोन-तीन वर्षांत राखाडी पडते. पारदर्शक रेझिनचा फुगीर थर दिलेले रंगीत बिल्ले सुंदर दिसतात, परंतु त्यांतील काही प्रकारांचे रेझिन उन्हाने पिवळे होते. सबब उन्हात टिकण्याची हमी विचारून मगच असा बिल्ला पांढऱ्या गाडीवर लावावा.

नव्या मोटारीवरील सर्व रंगथर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे दहावा हिस्सा असते. एवढ्याशा आवरणावर पत्र्याचे सारे आयुष्य अवलंबून आहे. म्हणून भोक पाडून चिन्ह बसविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दुहेरी चिकटपट्टीचे चिन्ह उत्तम. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन, स्पिरिटच्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून चिन्ह दाबून बसवावे. चिकटपट्टीस पुरते बळ येण्यास सुमारे तीन दिवस लागतात. तेव्हा गाडी सप्तमीपूर्वी धुवावी, सप्तमीस चिन्ह बसवावे आणि दशमीस पूजावे. नुकत्याच रंगविलेल्या पत्र्यावर मात्र रंग मुरला आहे असे कारागिराने सांगेपर्यंत थांबावे.

जुने चिन्ह काढणे असेल तर ते टोकदार हत्याराने उपटू नये. कोमट पाण्याने चिकटपट्टी मऊ करून तिच्यामागून मासेमारीची तंगूस करवतीसारखी हळूहळू ओढावी. जुन्या गाडीवर त्या जागी चिन्हाची छाया उरते. भोवतीचा रंग उन्हाने फिका झाला आणि झाकलेला रंग तसाच राहिला, हे तिचे कारण. पॉलिशने ती कमी होते, पुष्कळदा पूर्णपणे जात नाही. नवे चिन्ह जुन्याहून किंचित मोठे घेतल्यास ती झाकली जाते.

देवाचे स्थान

आता अधिक महत्त्वाची गोष्ट. देवतेचे चिन्ह बंपरवर किंवा मागील चाकांजवळ लावणे टाळावे. तेथे चिखल उडतो, येता-जाता पाय लागतो आणि गाडी धुणाराचा खराटाही तेथेच फिरतो. नंबरपाटीवर नोंदणी क्रमांकाखेरीज देवाचे नाव, घराण्याचे नाव वा कोणतेही चिन्ह असू नये, असा नियमच आहे. श्रद्धेच्या नावाखाली नियम मोडणे हे श्रद्धेस भूषणावह नाही.

डॅशबोर्डवर गणेशाची मूर्ती असावी, ही प्रत्येक घराची इच्छा असते. परंतु आजच्या गाड्यांत चालकाशेजारील आसनासमोर डॅशबोर्डच्या आतच एअरबॅग दडलेली असते. अपघातसमयी ती क्षणार्धात प्रचंड वेगाने फुगते; तिच्या झाकणावर चिकटविलेली धातूची मूर्ती त्याच वेगाने समोर बसलेल्या माणसावर फेकली जाऊ शकते. रक्षणासाठी बसविलेले दैवत आपल्याच माणसाच्या इजेस कारण व्हावे, याहून दुःखद ते काय? मूर्ती लहान व हलकी घ्यावी आणि त्या झाकणापासून दूर, चालकाची नजर अडणार नाही अशा जागी बसवावी. तशी जागा न मिळेल तर एखादी छोटी तसबीरही पुरे.

काही नव्या मोटारींत पुढील मानचिन्हामागे समोरचे अंतर मोजणारे रडार बसविलेले असते. अशा चिन्हास धातूयुक्त रंग दिला, वर क्रोमची झाकणी लावली किंवा जाड हार घालून गाडी चालविली, तर त्या यंत्रणेस अडथळा येऊ शकतो. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहूनच तेथे हात लावावा. हळद-कुंकवाचे स्वस्तिक शक्यतो काचेवर काढावे, अथवा बोनेटवर काढल्यास सायंकाळपर्यंत भरपूर पाण्याने धुवावे. हळदीचा व कृत्रिम कुंकवाचा डाग फिक्या आणि मॅट रंगावर फार काळ रेंगाळतो.

शेवटी एक मनाची गोष्ट. स्वतःच्या गाडीवर तिच्याहून महागड्या प्रकाराचा मोनोग्राम लावण्याची चाल अलीकडे दिसते. ज्या दिवशी आपण सत्याचा विजय साजरा करतो, त्या दिवशी वाहनाच्या कपाळी असत्य कोरणे शोभत नाही. आपट्याचे पान आपण सोने म्हणून देतो, तेव्हा ते पान आहे हे देणारा व घेणारा दोघेही जाणतात. त्याचे मोल त्यामागील भावनेत असते. मुलाम्याच्या चिन्हाचेही तसेच आहे. त्याने सोने असल्याचा आव आणू नये. वाहनाच्या रंगावर ते शोभावे, पावसाळ्यात टिकावे आणि कोणास अपाय करू नये, एवढे झाले की ते सार्थकी लागले.

आमच्या घरी आता दुसरी गाडी आहे. दर दसऱ्यास तिच्या काचेवर गंधाचे बोट उमटते आणि देव्हाऱ्यातील त्या पितळी ओंकारास पहिले फूल वाहिले जाते. वाचकांच्या वाहनांचे सर्व प्रवास निर्विघ्न होवोत आणि प्रत्येक जण सुखरूप आपल्या उंबरठ्याशी परतो, हीच विजयादशमीच्या मंगलप्रसंगी जगदंबेच्या चरणी प्रार्थना.