रानात हलता निवारा घेताना



ऊस तुटून गेला की रान मोकळे होते. पुढच्या लागणीपर्यंत त्यात शेळ्या-मेंढ्या बसवल्या तर लेंडी नि मूत जागच्या जागी मुरते, खत वाहण्याची मजुरी वाचते. म्हणून पाच-दहा शेळ्या असलेले सभासद आम्हाला विचारतात, की रानात उचलून नेता येईल असे छप्पर कोणते घ्यावे?

आमचे पहिले सांगणे असे, की छप्पर दिवसाला हवे की रात्रीला, हे आधी ठरवा. उसाच्या फडात बिबट्या राहतो, हे जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ताडपत्री नि शेडनेट त्याला अडवत नाही. वरून उघड्या कुंपणात तो उडी घेतो. तेव्हा बिबट्याचा वावर असेल तिथे हलता निवारा फक्त दिवसाचा समजावा. दिवस मावळायच्या आत जनावरे घराजवळच्या, वरूनही जाळी मारलेल्या बंद गोठ्यात आलीच पाहिजेत.

दुसरी गोष्ट वारा-पावसाची. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीच्या अवकाळी पावसात पुणे नि नगर जिल्ह्यांत उघड्यावरच्या शेकडो मेंढ्या-शेळ्या गारठून मेल्या. भिजलेल्या अंगाला गार वारा लागला की ऊब टिकत नाही. करडे तर आधी जातात. म्हणून नुसते छप्पर पुरत नाही, आडोसाही पाहिजे.

माप : मोठ्या शेळीला छपराखाली १० चौरस फूट, करडाला ४ ते ५ चौरस फूट जागा धरावी. १० शेळ्यांना १०० चौरस फूट झाले. पण १० बाय १० चा एकच सांगाडा करू नका, तो घरच्या माणसांना हलत नाही. १० बाय ५ चे दोन करा.

सांगाडा : एक इंची जी.आय. पाईप मीटरला सुमारे अडीच किलो भरतो. पुढे साडेपाच नि मागे साडेचार फूट उंची धरली, तर एका सांगाड्याला ८० फूट पाईप लागतो. वजन साठ किलोच्या आसपास जाते. दोघांना उचलते. बांबू हलका नि स्वस्त, पण ओलीत बूड कुजते. बुडाला डांबर लावावे.

छप्पर : ७५ टक्क्यांचे शेडनेट ७५ टक्के ऊन अडवते, पाऊस मात्र चाळणीतून यावा तसा आत येतो. पत्रा तापतो नि वळवाच्या वाऱ्यात उडाला तर माणसाला कापतो. पाचटाचे छप्पर गार, पण भिजले की जड, नि आगीची भीती वेगळीच. आमच्या मते जाड ताडपत्री बरी. उन्हाळ्यात तिच्यावर थोडे पाचट पसरून दोरीने आवळावे.

आडोसा : मागची बाजू नि दोन्ही कडा बंद कराव्यात. पावसाळ्यात पाठ पश्चिमेला, थंडीत ईशान्येला करावी. वळवाचा वारा कुठूनही येतो, म्हणून पुढेही गुंडाळून ठेवता येईल असा पडदा असावा. चारी कोपऱ्यांना दोन फुटी लोखंडी खुंट्या ठोकून दोरीने ताणावे. खुंटी न ठोकलेला निवारा वारा उचलून बांधापलीकडे टाकतो.

जागा : उंचवट्याची, उभ्या फडापासून लांब, विजेच्या तारांखाली नको. खोडव्याच्या फुटव्यांजवळ तर मुळीच नको. चार-पाच दिवसांनी, पावसात त्याआधीच, जागा बदलावी. ओल्या लेंडीत उभे राहून खुरे सडतात, करडांना हगवण लागते.

शेवटी एकच. शेळ्यांचे बघणे बहुधा घरातल्या बाईकडे असते, निवारा हलवणेही तिच्याच अंगावर पडते. म्हणून वेल्डिंगवाल्याला पैसे देण्याआधी सांगाडा तिला नि आणखी एकाला उचलून पाहू द्या. उचलला नाही तर घेऊ नका. जो हलत नाही तो एकाच जागी चिखलात उभा राहतो, नि मग ना खत मिळते ना निवारा.

मोजमापाविषयी शंका असल्यास आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात जरूर भेटावे.

— ऊस विकास विभाग