गळका ब्रेक : वॉशर बदलावा की अख्खा सिलिंडर?



या पानावर मी एरवी बेणे, लागण, खते यांविषयी लिहितो. आज ट्रकच्या ब्रेकविषयी लिहितो आहे. वर्षभर पोसलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत आपली काळजी संपत नाही.

एका वर्षी गाळप सुरू व्हायला थोडा अवकाश होता. आपल्या एका सभासदाच्या जुन्या ट्रकमधून मी माळशेज घाट उतरून टोकावडे, सरळगाव, किन्हवली मार्गे शहापूर तालुक्यात तानशाकडे गेलो. भाताचा पेंढा आणायचा होता. सकाळी गाडी भरून झाली आणि ड्रायव्हरला मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली दिसली. टाकीतले ब्रेक ऑइलही उतरले होते. चाकाचा सिलिंडर गळत होता.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, त्या चाकाची नळी दाबून बंद करतो. वर चढायचंच आहे, चढाला ब्रेक कशाला लागतो?"

मालक म्हणाले, "अरे, चढावर गाडी बंद पडली तर मागं कोण धरणार? तू का मी?"

पेंढा उतरवून ठेवला आणि रिकामी गाडी सावकाश गॅरेजला नेली. मिस्त्रीने ड्रम काढला. आता प्रश्न आला, नुसते रबरी वॉशर बदलायचे की अख्खा सिलिंडर? वॉशरला पैसे थोडे लागतात. मिस्त्रीने सिलिंडर पुसून आतून बोट फिरवायला सांगितले. गंजाचे खड्डे हाताला लागत होते. अशा सिलिंडरात नवा वॉशर थोड्याच दिवसांत कापला जातो. आतून गुळगुळीत असेल तरच वॉशर बदलून भागते. आम्ही अख्खा सिलिंडर बदलला. लायनर तेलाने भिजले होते, तेही दोन्ही बाजूंचे नवे घातले. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताच गाडी एकीकडे ओढते. एक दिवस गेला, खर्चही झाला. पण घाटात कोणाचा जीव टांगणीला लागला नाही.

वाहनधारक सभासदांनी हंगामापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडर तपासावा. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल कधीही ओतू नये, त्याने रबर फुगते. कंपनीने सांगितलेलेच ब्रेक ऑइल वापरावे. डबा उघडा ठेवू नये, ते हवेतला ओलावा ओढते आणि त्यानेच आत गंज धरतो. काम झाल्यावर निपलमधून हवा पूर्ण काढावी. पेडल घट्ट लागेपर्यंत गाडी हलवू नये.

हवेच्या ब्रेकच्या गाडीत तेलाचा डाग दिसत नाही. इंजिन बंद करून, चाकांना उटी लावून कान द्यावा. फुसफुस ऐकू आली तर जोडांवर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे येतील तिथे गळती. मागच्या चाकांच्या दुहेरी चेंबरमध्ये जबर ताणाची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तो चेंबर घरी खोलू नये. झाकण उडून माणूस दगावतो.

तोडणी कामगारांची बायकापोरे उसाच्या गाडीच्या आसपासच वावरत असतात. भरलेली गाडी बांधावरून उतरताना ब्रेक लागलाच पाहिजे. म्हणून बॉयलर पेटण्याआधी प्रत्येकाने एकदा गाडीखाली वाकून चाकांची आतली बाजू पाहावी, ही विनंती.