कोवळा घोडा आणि पट्ट्यांची घाई

तुळशीचे लग्न लागले की अमरावती-अकोल्याकडे लग्नसराईला तोंड फुटते आणि वरातीच्या घोड्यांना मागणी येते. हनुवटी छातीला टेकलेली, तोंडाला फेस, पाय जागच्या जागी नाचणारे, असा घोडा लोकांना रुबाबदार वाटतो. ती मान पुष्कळदा घोड्याने आपणहून वळवलेली नसते. तंगापासून निघून पुढच्या पायांमधून वर मोहरकीपर्यंत जाणारा जेरबंद आखडून बांधलेला असतो, जोडीला कडक लगाम असतो. रायडिंग क्लबात वेगळी साधने दिसतात: लगामाच्या कड्यापासून तंगापर्यंत दोन्ही बाजूंनी ताणलेल्या साइड रेन्स, स्वाराच्या हातातून कड्यात आणि कड्यातून तंगाकडे जाणाऱ्या ड्रॉ रेन्स, डोक्यावरून येऊन मान खाली आणायला लावणारा शांबाँ. नावे निराळी असली तरी अपेक्षा एकच असते, की शिकवायला लागणारा वेळ पट्टीने वाचावा. माझे म्हणणे असे की कोवळ्या घोड्याच्या बाबतीत हा वेळ वाचत नाही. पट्टी मानेला आकार देऊ शकते. स्वाराचे ओझे पेलायला लागणारी पाठीची ताकद आणि तोल तिच्यातून येत नाही.

घोडा वऱ्हाडाला परका नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेशी नागपूरकर भोसले आणि शिंदे यांचे सैन्य लढले, आणि त्यात दोन्हीकडे मोठे घोडदळ होते. एकोणिसाव्या शतकात इलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या फौजेची छावणी होती. नालबंद, मोतद्दार, चाबुकस्वार या मंडळींची विद्या तेव्हा घराघरातून चालत आलेली असे. आज हा सगळा पसारा आटला आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातले घोडे आणि तट्टे मिळून साधारण ३.४ लाख भरली, २०१२ च्या मानाने जवळजवळ ४६ टक्क्यांनी कमी. घोडे कमी झाले, त्याहून अधिक वेगाने घोडा शिकवणारे हात कमी झाले. साधने मात्र आता फोनवरून मागवता येतात, आणि ज्याला ती कशी वापरायची हे दाखवणारा कोणी नाही त्याच्याच हाती ती आधी पडतात.

घोड्याचे वय आधी पाहिले पाहिजे. पुढचे पक्के दात त्याला साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने येतात, आणि याच काळात दाढाही बदलत असतात. म्हणजे ज्या वयात आपण त्याच्या तोंडात पहिल्यांदा लोखंड घालतो, त्याच वयात त्याच्या हिरड्या दुखत असतात. लगाम चावणारा, डोके झटकणारा घोडा हट्टी ठरतो आणि त्याला पट्टी लागते. तोंड उघडून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. अकोल्यात पदव्युत्तर पशुवैद्यकीय शिक्षण देणारी संस्था आहे, दोन्ही जिल्ह्यांत पशुवैद्यक आहेत. लगाम घालण्याआधी एकदा दात तपासून घेणे अवघड नाही. पाठीचे गणित याहून नाजूक. पायांच्या हाडांची वाढ आधी पुरी होते, मणक्यांच्या वाढीच्या कूर्चा मात्र पाच-सहा वर्षांपर्यंत पक्क्या होत राहतात. पूर्ण वाढलेल्या घोड्यानेसुद्धा आपल्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांपर्यंतच ओझे घ्यावे, असा जाणकारांचा अंदाज असतो. घोडा साडेतीनशे किलोचा धरला तर खोगिरासकट सत्तर किलो झाले. शेरवानी, फेटा, पुढ्यात बसवलेला करवला आणि जरीचा साज धरून वरातीत हा आकडा कुठे जातो, ते ज्याचे त्याने मोजावे.

स्वार चढण्याआधी घोड्याला लांब दोरावर गोल फिरवतात. जुन्या पागेत याला कावा देणे म्हणत, क्लबात लंजिंग म्हणतात. पद्धत चांगलीच आहे, कारण पाठीवर ओझे न घेता घोडा आवाज ओळखायला, चाल बदलायला, थांबायला शिकतो. पण गोलात पळणे हे सरळ पळण्यापेक्षा जड काम आहे. ताशी साडेबारा किलोमीटरच्या दुडक्या चालीने दहा मीटर व्यासाच्या गोलात फिरणाऱ्या जनावराला तोल राखायला सुमारे चौदा अंश आत कलावे लागते. गोल वीस मीटरचा केला की तेच सात अंशांवर येते. कल जितका जास्त तितका पायांच्या सांध्यांवर वाकडा ताण येतो. म्हणून गोल मोठा हवा, दोन्ही अंगांना सारखे फेरे हवेत आणि पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपले पाहिजे. आपल्याकडे आणखी एक अडचण जमिनीची. पूर्णा खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात खूर अडकेल इतकी भेगाळते आणि पावसात नाल उपटून काढेल इतकी चिकटते. वावराच्या कोपऱ्यात दोर घेऊन उभे राहण्याऐवजी मुरूम दाबून त्यावर नदीची रेती पसरलेला गोल करून घेतला, तर त्यावर झालेला खर्च कुठल्याही आयात पट्टीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

त्या रेतीचा दुसराही उपयोग आहे. सकाळी दाताळे फिरवून ती सारखी करावी आणि घोडा मोकळ्या मानेने, नुसत्या मोहरकीवर, दुडकीने फिरवून उमटलेले खूर पाहावेत. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या पुढे पडला, तर पाठ लवचिक चालते आहे. मग साइड रेन्स आखडून बांधा आणि पुन्हा पाहा. नाक छातीकडे ओढले गेले की मागचा खूर पुष्कळदा ठशाच्या वीतभर मागे पडू लागतो. वरून मान सुंदर दिसते आणि खाली पाऊल आखडलेले असते. याचे कारण शरीरात आहे. मान लांब आणि खाली सोडली की मानेपासून पाठीपर्यंत जाणारा जाड बंध ताणला जातो आणि पाठ उचलायला मदत होते. मान आखडून बांधली की पाठ ताठते आणि घोडा पुढच्या पायांवर भार टाकतो. ड्रॉ रेन्सचा प्रश्न याहून गंभीर आहे. त्यातला दोर कड्यातून कप्पीसारखा फिरतो, त्यामुळे हाताने लावलेला जोर तोंडावर जवळपास दुप्पट पडतो. इंग्लंडच्या न्यूकॅसलच्या ड्यूकने, ज्याचा अश्वविद्येवरचा ग्रंथ १६५८ मध्ये अँटवर्पला छापला गेला, हा प्रकार चालू केला असे मानतात. पण तेव्हा ते साधन आयुष्यभर घोड्यांत घालवलेल्या माणसाच्या हातात होते. जबरदस्तीने करून घेतलेल्या हालचालीत शोभा नसते, हे ग्रीक लेखक झेनोफनने त्याच्या दोन हजार वर्षे आधी लिहून ठेवले होते. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघानेही जोर लावून मान छातीकडे दाबण्याची पद्धत अमान्य ठरवली.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. नवशिक्या स्वाराचा हात हलतो, प्रत्येक उडीला लगाम खेचला जातो. त्यापेक्षा न हलणारी पट्टी बरी नाही का? घोडा दाब सुटण्यातून शिकतो हे खरेच, आणि पट्टीत घोड्याने मान सोडली की दाब त्याच क्षणी सुटतो. इतका अचूकपणा थोड्याच माणसांत असतो. मला हा मुद्दा मान्य आहे, म्हणूनच साइड रेन्स मी सरसकट टाकाऊ म्हणत नाही. पण तो दाब फक्त मान कुठे आहे एवढेच ओळखतो. घोडा पाठ पोकळ करून, लगामाच्या मागे दडून सुटका करून घेतो, तेव्हाही पट्टी सैलच पडते आणि त्याने पळवाट शिकलेली असते. कच्च्या हाताचा खरा उपाय म्हणजे तो हात मुरलेल्या घोड्यावर तयार करणे. कोवळा घोडा आणि कोवळा स्वार यांची गाठ घालून मधे चामड्याची पट्टी बांधणे दोघांनाही घातक आहे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. डोके उडवून स्वाराचे नाक फोडणाऱ्या घोड्याला सैल जेरबंद लावला तर त्यात गैर काही नाही, अट एवढीच की डोके नेहमीच्या जागी असताना तो लोंबता राहिला पाहिजे. अडचणीच्या वेळीच लागणारा जेरबंद आणि सतत ताणलेला जेरबंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. वरातीचा घोडा बाळगणारा माणूस काही महिन्यांच्या कमाईवर वर्षभराचा चारा-दाणा काढतो. त्याला दोन वर्षे थांबायला सांगणे सोपे, थांबणे कठीण. तरीही हिशेब पुरा मांडावा. घाईने तयार केलेला घोडा पाठदुखीने किंवा पायाने लवकर निकामी होतो आणि गर्दीत बिथरतो. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. गोऱ्हा शिकवताना तो त्याला मुरलेल्या बैलाशेजारी जुंपतो, आधी हलके काम देतो आणि दमायच्या आत सोडतो. नांगराची घाई करत नाही. हीच समजूत घोड्याच्या वाट्याला यावी. शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या श्री गजानन महाराजांच्या पालखीबरोबरचा अश्व टाळ-मृदंगात आणि गर्दीत दिवसेंदिवस चालतो. अशा चालीला लागतो तो सराव आणि माणसावरचा भरवसा.

कायद्याचेही बोलले पाहिजे. शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, ओळखल्या जाणाऱ्या तळेगाव दशासरच्या लोकांनी शर्यतबंदीच्या वादाची सगळी वळणे अनुभवली: ७ मे २०१४ ची सर्वोच्च न्यायालयाची बंदी, १६ डिसेंबर २०२१ ची सशर्त मुभा आणि १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल. बैलाला आरी टोचू नये, काठी मारू नये हे आता धुरकऱ्याला ठाऊक आहे. पण काटेरी लगामाला आणि जखम करणाऱ्या साजाला १९६५ च्या केंद्रीय नियमांनी आधीच मनाई केलेली आहे, हे वरात ठरवणाऱ्या किती घरांना माहीत असते? पटावरच्या बैलाकडे सगळ्यांचे लक्ष असते; मंडपाच्या दारातल्या घोड्याचे तोंड कोणी पाहत नाही. मला हे फार खटकते.

मग करावे काय? घोडा साडेतीन-चार वर्षांचा झाला की दिवाळीनंतरच्या थंडीत सुरुवात करावी. पहिले काही आठवडे मोहरकी आणि तंग एवढ्यावरच कावा, अधूनमधून जाणत्या घोड्याशेजारून गावरस्त्याने चालणे. साइड रेन्स लावायच्याच तर अंग मोकळे झाल्यावर, नाक कपाळाच्या पुढे राहील इतक्या लांब आणि पाच-दहा मिनिटांपुरत्या. स्वार हलका, आणि तोही आधी चालीपुरता. अकोल्याचा मे महिना सुट्टीचा समजावा. तयार घोडा विकत घ्यायला दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला किंवा खंडोबाच्या माळेगावला जाणाऱ्यांनी बोली लावण्याआधी सगळ्या पट्ट्या आणि जेरबंद सोडायला सांगावे, ओठ उचलून जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत वण आहेत का ते पाहावे, आणि घोडा मोकळ्या मानेने दोन्ही बाजूंना फिरवून घ्यावा. विकणारा पट्ट्या सोडायला कां-कूं करू लागला, तर पुढच्या घोड्याकडे वळावे.