मतदारसंघांची चरित्रं (भाग ६) : कपाशीच्या मुलखातली एक जागा

मागच्या आठवड्यात आपण अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागा दर दहा वर्षांनी राज्यांमध्ये कशा वाटल्या जातात ते पाहिलं. वाटणीचं गणित सरळ असतं. राज्याला मिळालेल्या जागांच्या सीमा आखायला घेतल्या की खरी गंमत सुरू होते, कारण बहुतेक राज्यांत हे काम तिथलं विधिमंडळच करतं. आपल्याकडे परिसीमन आयोग असतो आणि त्याच्या आदेशावर संसदही फेरफार करू शकत नाही. अमेरिकेत निवडून आलेलेच ठरवतात की पुढच्या वेळी कोणी कुठे मत द्यायचं. याचे परिणाम बघायला मिसिसिपी राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या डेल्टाइतकी बोलकी जागा नाही.

मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधला हा सपाट, काळ्या गाळाचा पट्टा. मिसिसिपी राज्याच्या कपाशीशी आपलं जुनं नातं आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला, तेव्हा मुंबईत भाव कडाडले, वऱ्हाडात कपाशीचा पेरा वाढला, आणि युद्ध संपताच मुंबईतल्या कित्येक सट्टेवाल्यांचं दिवाळं वाजलं. डेल्टातलं बरंचसं जंगल मात्र या युद्धानंतरच तुटलं. ते तोडलं गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय मजुरांनी. जमीन गोऱ्या मळेवाल्यांकडे राहिली आणि हे मजूर तिथेच बटाईने कपाशी पिकवू लागले. म्हणजे लोकसंख्येत कृष्णवर्णीय बहुसंख्य आणि मालकीत नगण्य. या मुलखाचं पुढचं सगळं राजकारण या विषमतेभोवती फिरत राहिलं.

सुरुवात वेगळी झाली होती. जॉन रॉय लिंच १८४७ मध्ये गुलाम म्हणून जन्मला. युद्धानंतर नॅचेझ गावात तो फोटोग्राफीच्या दुकानात काम करत होता. पंचविशीत तो मिसिसिपी विधानसभेचा सभापती झाला आणि १८७२ मध्ये थेट वॉशिंग्टनला निवडून गेला. याच सुमारास राज्यात दहशतीच्या जोरावर जुने मळेवाले सत्तेवर परतत होते. नव्या विधिमंडळाने सीमा अशा आखल्या की नदीकाठचे कृष्णवर्णीय मतदार एकाच लांबोडक्या मतदारसंघात कोंबले गेले आणि बाकीच्या पाच जागा गोऱ्यांसाठी निर्धोक झाल्या. राज्याची सगळी पश्चिम कड व्यापणाऱ्या या आकाराला लोक ‘बुटाची नाडी’ म्हणू लागले.

एवढं करूनही त्या एका जागेवर लिंचला निवडून येऊ दिलं गेलं नाही. १८७६ मध्ये तो जेम्स चाल्मर्सकडून हरला. हा चाल्मर्स दक्षिणेच्या फौजेतला सेनापती. १८६४ मध्ये फोर्ट पिलोला कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल झाली, तेव्हा तिथल्या तुकड्या त्याच्याच हाताखाली होत्या. १८८० मध्ये पुन्हा तीच जोडी समोरासमोर आली. या वेळी लिंचच्या हजारो मतपत्रिका तांत्रिक कारणं काढून बाद केल्या गेल्या. मतपत्रिकेवर वेगळी खूण दिसते, हेही एक कारण होतं. लिंचने प्रतिनिधीगृहापुढे तक्रार नेली, ती जिंकली आणि एप्रिल १८८२ मध्ये जागा मिळवली. पण वर्ष सरायच्या आत आलेली पुढची निवडणूक तो हरला. मार्च १८८३ मध्ये त्याची मुदत संपली. त्यानंतर मिसिसिपीतून वॉशिंग्टनला दुसरा कृष्णवर्णीय प्रतिनिधी जायला १९८७ उजाडलं.

मधल्या एकशे चार वर्षांची किल्ली १८९० च्या राज्यघटनेत आहे. मतदानासाठी दोन डॉलरचा कर लावला गेला. शिवाय घटनेचं कलम वाचता यायला हवं, निदान ऐकून त्याचा अर्थ सांगता यायला हवा, अशी अट आली. अर्थ बरोबर की चूक हे गोरा नोंदणी अधिकारी ठरवणार. त्यात वंशाचा उल्लेख कुठेही नव्हता, आणि मसुदा लिहिणाऱ्यांची हुशारी तीच. दोन वर्षांनी राज्यात नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार नऊ हजारांच्या आत उरले. ही घटना लिहिणाऱ्या परिषदेत एकच कृष्णवर्णीय सदस्य होता, डेल्टात माउंड बायू हे कृष्णवर्णीयांचं गाव वसवणारा आयझाया माँटगोमेरी. त्याने या अटींना पाठिंबा दिला. गोऱ्यांना मतपेटीची हमी दिली तर ते आपल्या लोकांना शेती आणि व्यापार तरी सुखाने करू देतील, असा त्याचा हिशेब होता. तो चुकला. पण माउंड बायू अजून उभं आहे, म्हणून त्याला नुसतं फितूर म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

यातून एक चमत्कारिक व्यवस्था तयार झाली. जागा वाटताना डोकी मोजायची ती सगळ्यांची आणि मत द्यायचं ते मूठभरांनी. साहजिकच डेल्टाच्या प्रतिनिधीला मळेवाल्यांना सांभाळलं की पुरत असे. १९२७ च्या महापुरानंतर विल व्हिटिंग्टन यांनी जवळपास पंचवीस वर्षं नदीचे बांध आणि पूरनियंत्रण यांतच घालवली, आणि ते काम खरोखर गरजेचंही होतं. पण या व्यवस्थेचा कळस म्हणजे शेजारच्या मतदारसंघातले जेमी व्हिटन.

टॅलहॅची काउंटीतले हे सरकारी वकील १९४१ च्या पोटनिवडणुकीत निवडून आले आणि १९९५ च्या जानेवारीपर्यंत हललेच नाहीत. त्रेपन्न वर्षं हा तेव्हाचा विक्रम होता. विरोधक नसला की मुदती साठत जातात आणि त्या काळच्या काँग्रेसमध्ये समितीचं अध्यक्षपद ज्येष्ठतेवर मिळे. त्यामुळे दक्षिणेतले बिनविरोध प्रतिनिधी देशाच्या तिजोरीपाशी जाऊन बसले. १९४९ पासून मधली दोन वर्षं सोडता शेतीखात्याच्या खर्चाला मंजुरी देणारी उपसमिती व्हिटन यांच्या हातात होती. मंत्री येत आणि जात, म्हणून लोक यांनाच ‘कायमचे शेतीमंत्री’ म्हणत.

व्हिटन यांच्याच काउंटीतल्या समनर गावी १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला चालला. ज्यूरी मतदारयादीतून निवडली जाई आणि यादीत सगळे गोरेच होते. बारा गोऱ्या पुरुषांनी तासाभरात आरोपींना सोडून दिलं. मतदारयादीतून नाव गेलं की ज्यूरीतलं स्थानही जातं आणि पुढे न्यायालयातला न्यायही. पोटाचीही तीच गत होती. साठीच्या दशकात डेल्टात मोफत धान्याच्या जागी कुपनं आली, पण ती रोख पैसे मोजून घ्यावी लागत आणि मजुरांकडे रोकड नसे. १९६७ मध्ये रॉबर्ट केनेडी डेल्टात आले आणि त्यांनी उपाशी मुलं डोळ्यांनी पाहिली. त्याच वर्षी डेल्टातले मळेवाले सिनेटर जेम्स ईस्टलंड यांना कपाशीचं सरकारी अनुदान दीड लाख डॉलरहून अधिक मिळालं. या दोन्ही खर्चांची तिजोरी व्हिटन यांच्या उपसमितीच्या टेबलावरून जात होती.

तोवर उरलेला डेल्टाही व्हिटन यांच्याच मतदारसंघात जोडला गेला होता. त्यांच्याविरुद्ध १९६४ मध्ये उभी राहिली डेल्टातल्या रूलव्हिलची फॅनी लू हेमर. दोन वर्षांपूर्वी ती इंडियानोलाला मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली होती. घटनेच्या एका कलमाचा अर्थ सांग म्हणाले, तिला सांगता आला नाही. संध्याकाळी मळ्यावर परतली तर मालकाने घर सोडायला लावलं. अठरा वर्षं ती तिथे राबत होती. पुढच्या वर्षी विनोनाच्या तुरुंगात तिला इतकं मारलं की मूत्रपिंडाला कायमची इजा झाली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत तिला मिळाली जेमतेम सहाशे मतं. मग कार्यकर्त्यांनी नोंदणीची अट नसलेली स्वतःची समांतर निवडणूक घेतली. तिच्यात हेमरला ३३,००९ मतं पडली आणि व्हिटन यांना ५९. हा निकाल हातात धरून हेमर, अ‍ॅनी डिव्हाइन आणि व्हिक्टोरिया ग्रे या तिघींनी मिसिसिपीच्या निवडणुकीलाच प्रतिनिधीगृहात आव्हान दिलं. सप्टेंबर १९६५ मध्ये सभागृहाने ते २२८ विरुद्ध १४३ मतांनी फेटाळलं. पण १४३ सदस्य तक्रारीच्या बाजूने उभे राहिले, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कोणाला खरी वाटली नसती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला होता. मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी १९६४ मध्ये सात टक्क्यांहून कमी लोकांची नावं यादीत होती. तीन वर्षांत ते प्रमाण साठ टक्क्यांवर गेलं. आता मत अडवता येणार नव्हतं, तेव्हा विधिमंडळाचं लक्ष पुन्हा नकाशाकडे गेलं. कृष्णवर्णीयांना मत नव्हतं तोवर डेल्टा एकसंध ठेवण्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. १९६६ मध्ये मात्र पूर्व-पश्चिम रेघा मारून त्याचे आडवे तुकडे केले गेले आणि प्रत्येक तुकडा गोऱ्यांच्या वस्तीला जोडला गेला. पाचही मतदारसंघांत मतदानाच्या वयाचे गोरेच बहुसंख्य झाले. लिंचच्या वेळी सगळ्यांना एकात कोंबलं होतं, आता पाचांत विखरून टाकलं. न्यायालयांनी हा नकाशा टिकवला.

डेल्टा पुन्हा जोडला गेला तो १९८० च्या जनगणनेनंतर, केंद्राच्या न्याय खात्याने राज्याचा आराखडा अडवल्यावर आणि न्यायालयाने स्वतःचा नकाशा दिल्यावर. इथे वाचकाला आपल्या राखीव मतदारसंघांची आठवण होईल, पण फरक मोठा आहे. आपल्याकडे उमेदवार कोणत्या समाजाचा हे ठरलेलं असतं आणि मत सगळे देतात. तिथे उमेदवारावर कसलंही बंधन नाही. अल्पसंख्याकांची एकगठ्ठा वस्ती फोडून त्यांच्या मताचं वजन घालवायचं नाही, एवढंच कायदा पाहतो. त्यामुळे डेल्टाच्या नव्या, दुसऱ्या क्रमांकाच्या मतदारसंघात कृष्णवर्णीय उमेदवार रॉबर्ट क्लार्क १९८२ मध्ये आणि १९८४ मध्येही गोऱ्या रिपब्लिकन उमेदवाराकडून हरले. लोकसंख्येत बहुमत होतं. मतदानाच्या दिवशी ते पुरलं नाही.

१९८६ मध्ये माइक एस्पी जिंकले, तेव्हा त्यांना गोऱ्यांची दहा टक्क्यांच्या आसपास मतं होती. पुढच्या दोन वर्षांत ते मत्स्यशेतीवाल्यांच्या दारी गेले (कपाशी उतरणीला लागल्यावर डेल्टात कॅटफिशची तळी आली होती) आणि लष्कराच्या भोजनालयात हा मासा जास्त जावा म्हणून खटपट केली. १९८८ मध्ये गोऱ्यांचीही बरीच मतं त्यांच्याकडे वळली. १९९३ मध्ये ते देशाचे पहिले कृष्णवर्णीय शेतीमंत्री झाले. जे खातं व्हिटन यांनी मागच्या दाराने चालवलं, त्यात ते पुढच्या दाराने गेले.

तेव्हापासून ही जागा बेनी थॉम्पसन यांच्याकडे आहे. त्यांना विरोध फारसा नाही. अडचण लोकसंख्येची आहे. १९४४ मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणारं यंत्र चालवून दाखवलं गेलं आणि बटाईदारांची गरज संपत गेली. लोक शिकागोला गेले आणि अजूनही डेल्टा सोडून जातातच आहेत. प्रत्येक मतदारसंघात सारखी माणसं हवीत, मिसिसिपीत आता चारच जागा, म्हणजे एका जागेमागे सुमारे ७,४०,००० लोक. तेवढे भरायला डेल्टाला राजधानी जॅक्सनचा मोठा भाग जोडावा लागला. २०२२ मध्ये विधिमंडळाने तो आणखी दक्षिणेकडे, लिंचच्या नॅचेझपर्यंत ताणला. आज हा मतदारसंघ राज्याची जवळजवळ सगळी पश्चिम कड व्यापतो आणि त्यात कृष्णवर्णीय साठ टक्क्यांहून अधिक आहेत. राज्यात ते अडतीस टक्क्यांच्या आसपास, आणि जागा चारांत एक. थॉम्पसन यांना नदीकाठचा ताण नको होता, त्याऐवजी जॅक्सनची अख्खी काउंटी हवी होती. त्यांचं ऐकलं गेलं नाही. माझ्या मते त्यांची मागणीही पुरेशी नव्हती: तिने जागा आणखी सुरक्षित झाली असती, दुसरी मिळाली नसती.

पुढच्या भागात कॅन्ससचा गव्हाचा पट्टा. शेती समितीवरची जागा घालवणाऱ्या प्रतिनिधीला तिथल्या मतदारांनी २०१६ मध्ये त्याच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत घरी बसवलं.