घाट संपतात तिथली क्षिप्रा

उज्जैनला गेलेला मराठी माणूस महाकालाचं दर्शन घेतो, रामघाटावर स्नान करतो, वेळ उरला तर राणोजी शिंद्यांची छत्री पाहतो. क्षिप्रा त्याला भेटते ती दगडी पायऱ्यांवरून. नदीचा मूळ काठ पाहायचा असेल तर शहराच्या उत्तरेला भैरवगडात जावं आणि सिद्धवटापासून प्रवाहाच्या दिशेने, कालियादेहकडे, चालू लागावं. उन्हाळ्याच्या तोंडावर, सकाळी लवकर.

सिद्धवट पूजेतला, त्याला हात लावू नये. पुढे एखाद्या साध्या वडाखाली पडलेलं लाल फळ उचलून फोडा. आत बारीक फुलंच फुलं दिसतात, कारण वडाचं फळ म्हणजे आतल्या बाजूला वळलेला फुलोरा. त्याच्या टोकाशी असलेल्या चिंचोळ्या छिद्रातून जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात, त्यामुळे बाहेर पडणं नाहीच. सोबत आणलेले पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांपैकी बिनपंखी नर मादीशी मीलन करून फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या वडाकडे उडतात. ही माशी नसेल तर वडाला बी धरत नाही. मग तांबट, हळद्या, धनेश यांची पंगतही उठलीच.

पाण्याच्या अगदी कडेला वाढणारं झाड म्हणजे अर्जुन. साल गुळगुळीत, फिकट, मोठ्या पापुद्र्यांनी सुटणारी. पान उलटं करून देठापाशी पाहिलं तर दोन बारीक गाठी दिसतात. त्या मधुरस पाझरणाऱ्या ग्रंथी, म्हणूनच कोवळ्या पानांवर मुंग्यांची ये-जा असते. फळ कमरखासारखं पाच धारांचं, कडक आणि हलकं. ते पाण्यावर तरंगतं आणि पूर ओसरला की खालच्या काठाला रुजतं. नदीच या झाडाची माळीण आहे.

झाडही नदीचं देणं फेडतं. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उघडा काठ ढासळतो. अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ यांची मुळं तो धरून ठेवतात. त्या मुळांभोवतीच्या ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीतले जीवाणू शेतातून झिरपलेल्या खतांमधल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. सावलीचा हिशेब तर सरळ आकड्यांत मांडता येतो. 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशाला साडेसातच. मे महिन्यात डोह उरतात तेव्हा माशांना हा दीड मिलिग्रॅम फार मोलाचा असतो.

झाडी विरळ झाली की परके घुसतात. वेडी बाभूळ मूळची अमेरिकेची. गाजरगवतही तिकडचंच, आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. संथ, मैल्या पाण्यावर जलपर्णी पसरते. शहराच्या वरच्या अंगाला, त्रिवेणीपाशी, इंदूरचं सांडपाणी वाहणारी खान नदी क्षिप्रेला मिळते. ते पाणी वळवण्याचे प्रयत्न चालू आहेत. 2014 पासून नळांतून नर्मदेचं पाणीही क्षिप्रेत सोडलं जातं. दोन्ही कामं गरजेची आहेत, पण नळ पाणी आणतो, काठ राखत नाही. नदीची दुरुस्ती म्हणजे फक्त पाण्याची दुरुस्ती, ही समजूत मला चुकीची वाटते.

2028 च्या सिंहस्थासाठी नवे घाट बांधले जात आहेत. लाखो भाविकांना उतरायला सुरक्षित पायऱ्या हव्यातच, त्याबद्दल दुमत नाही. पण सगळा काठ दगडाने मढवला तर अर्जुनाचं फळ रुजायला माती उरणार नाही आणि पाण्यावर सावलीही पडणार नाही. दोन घाटांमध्ये झाडीचे मोठे पट्टे राखावेत. जिथे झाडी गेली आहे तिथे शोभेची झाडं न लावता अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ हीच लावावीत, आणि रोपं आत्ताच लावावीत, म्हणजे पर्वणीच्या आधी ती दोन-तीन पावसाळे तरी काढतील.