आमच्या तालुक्याचा भूगोल आणि कारभार

परीक्षेत रशियाच्या खेड्यांतील प्रशासनावर टीप लिहिता येते, पण आपल्या गावचा सात-बारा कोण लिहितो हे विचारले तर आपण एकमेकांकडे पाहतो. म्हणून हा लेख. माझे गाव किल्लारी, तालुका औसा, जिल्हा लातूर.

बालाघाटाच्या पठारावरचा हा मुलूख. खाली काळा बसाल्ट खडक, वर काळी माती, आणि पाऊस मनाला येईल तेवढा. पूर्वी ज्वारी आणि तूर, आता बहुतेक रानांत सोयाबीन. तेरणा जवळून वाहते, पुढे मांजरेला मिळते व मांजरा गोदावरीला. नदीपलीकडचे सास्तूर मात्र लोहारा तालुक्यात, म्हणजे धाराशिव जिल्ह्यात येते. सोयरिकी दोन्ही काठांवर, पण कचेऱ्या वेगळ्या.

ही हद्द फार जुनी नाही. माझे आजोबा जन्मले तेव्हा येथे निजामाचे राज्य होते. सप्टेंबर १९४८ मध्ये ते संपले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. तोवर औसा उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. आज त्यात दहा तालुके आहेत. पैकी उदगीर, अहमदपूर व निलंगा हे १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. तिकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात कानडी शब्द येतात त्याचे नवल नको.

कारभाराच्या वाटा दोन आहेत, आणि गोंधळ होतो तो इथेच. जमीन, सारा, दाखले ही महसुलाची वाट : जिल्हाधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी, आणि गावात ज्याला सगळे तलाठी म्हणतात तो. दुसरी वाट १९६१ च्या कायद्याने आलेली : जिल्हा परिषद, पंचायत समिती. शाळा, दवाखाना, गावचे रस्ते तिच्याकडे. गावपातळीवर ग्रामपंचायत, घराची नोंद तिच्या दप्तरात, शेताची तलाठ्याच्या. माझ्या वडिलांना वाचता येत नाही. कोणता कागद कोठे मिळतो हे न कळल्याने त्यांचे मजुरीचे दिवस बुडालेले मी पाहिले आहेत.

या कागदांचे वजन ३० सप्टेंबर १९९३ नंतर कळले. त्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, दोन्ही जिल्ह्यांत हजारो गेले. तोवरच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता; २००२ साली तो तिसऱ्या पट्ट्यात टाकला गेला.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घर केवढे द्यायचे ते जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५०. घरात माणसे किती यावर नव्हे. आजोबा सालगडी होते, सात-बारावर त्यांचे नाव कधीच नव्हते. आम्हाला २५० मिळाले. नियमाची बाजूही समजते : घाईत माणसे मोजण्यापेक्षा तयार दप्तर उघडणे सोपे. पण जो आधीच कागदाबाहेर होता त्याला नव्या गावातही लहानच जागा मिळाली. गाव सरकले, शेते जुन्या जागीच राहिली. त्यामुळे मजुरांची आणि बैलांची चाल वाढली.

आमच्या घराला मागे पत्र्याची एक खोली जोडली आहे. तिची नोंद अजून ग्रामपंचायतीत व्हायची आहे. अर्ज मीच लिहिला आहे.